सिस्टरचा एअरब्रेक

त्यांना सगळेच सिस्टर म्हणायचे. शेजारी म्हणायचे, दूधवाला म्हणायचा, जावई म्हणायचा आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर खुद्द नवराही म्हणायचा. दवाखान्यातली नोकरी कधीच संपली होती, पण नाव काही सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर सिस्टरांचं वागणंही ते सुटू देणारं नव्हतं. घरातल्या चादरीचे कोपरे अजून वॉर्डातल्यासारखे दुमडले जायचे. पाहुणा शिंकला की सिस्टरांचा हात आपोआप त्याच्या कपाळाकडे जायचा, मग पाहुणा ओळखीचा असो की वीजमीटर बघायला आलेला.

आणि घंटा वाजली की सिस्टर उठायच्या. ही सवय तर हाडीमाशी भिनलेली. वॉर्डात त्यांच्या टेबलामागे भिंतीवर छोट्या दिव्यांची पाटी होती. पेशंटने कॉटजवळचं बटण दाबलं की घंटा वाजायची आणि पाटीवर दिवा लागायचा. सिस्टरांची ड्यूटी असताना एकाच पेशंटला दुसऱ्यांदा बटण दाबावं लागलं, असं त्या दवाखान्यात कुणी ऐकलं नव्हतं. निवृत्तीनंतर दिवे गेले, पाटी गेली, पाय मात्र तसेच राहिले. लेकीच्या घरी मायक्रोवेव्ह ‘टिंग’ करायचा आणि सिस्टर दुसऱ्या खोलीतून हजर व्हायच्या. जावई हसून म्हणायचा, ‘‘आई, बसा. आतल्या पेशंटची तब्येत बरी आहे.’’

अशा बाईच्या नशिबी एअरब्रेकची परीक्षा यावी, ही मात्र कमाल झाली.

त्याचं असं झालं. सिस्टरांचे यजमान, म्हणजे नाना, त्याच दवाखान्यात ड्रायव्हर होते. फिरत्या दवाखान्याची लांबलचक बस ते चालवायचे. नानांना बोलायला फार आवडायचं नाही, पण गाडी हातात आली की माणूस खुलायचा. नोकरी संपल्यावर दोघांनी मिळून एक जुनी डिझेल मोटारहोम घेतली. आकाराने बस, आतून घर. मागे पलंग, मधे ओटा आणि गॅस, खिडकीशी घडीचं टेबल, प्रत्येक कपाटाला खिट्टी, नाहीतर वळणावर डबे अंगावर. सिस्टरांनी खिडक्यांना पडदे शिवले आणि गाडीचं नाव ठेवलं बंगला. ‘‘आम्ही चार दिवस बंगल्यावर आहोत,’’ असं त्या फोनवर सांगायच्या आणि समोरच्याला वाटायचं, हे लोक बरेच पैसेवाले दिसतात.

काही वर्षं बंगला सुखाने हिंडला. मग नानांचा उजवा डोळा गेला. एकदम नाही गेला, हळूहळू गेला, आणि तो जातोय हे नानांना कितीतरी महिने ठाऊक होतं. पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. शेवटी गाडी मागे घेताना त्यांनी एक कुंपण आडवं केलं, तेव्हा सिस्टरांनी त्यांना डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, लवकर आला असतात तर बरंच वाचलं असतं. एवढी मोठी गाडी चालवणं बंद. सिस्टर घरी आल्या आणि भांडी इतकी घासली, इतकी घासली, की कढईचं बूड पातळ झालं असेल. जन्मभर दुसऱ्यांचे आजार ओळखले आणि स्वतःच्या घरातला कळला नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. पण नानांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत, कारण नाना आधीच खूप लहान होऊन बसले होते.

बंगला शेजारच्या लाकडाच्या वखारीत उभा राहिला. जावयाने लगेच गिऱ्हाईक आणलं, चहाफराळाचा फिरता गाडा करायला कुणाला तरी अशी गाडी हवीच होती. नाना ‘‘द्या’’ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. सिस्टरांनी नानांच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘कशाला द्या? मी चालवते.’’

जावई हसला. लेक हसली नाही, कारण लेक आईला ओळखून होती.

मोठी गाडी चालवायला सिस्टर शिकल्या. त्यात त्यांना फारसं अवघड असं काही वाटलं नाही. बेशुद्ध माणसाची ट्रॉली गर्दीतून लिफ्टमध्ये नेलेल्या बाईला बसचं शेपूट सांभाळायला कितीसा वेळ लागणार? घाबरल्या त्या फक्त ब्रेकला. वखारीत पहिल्या दिवशी नानांनी त्यांना शेजारी बसवून दोन काट्यांचं घड्याळ दाखवलं आणि म्हणाले, ‘‘ही टाक्यांमधली हवा. इंजिनावर कॉम्प्रेसर आहे, तो ही भरतो. या हवेवर ब्रेक.’’

‘‘नुसत्या हवेवर?’’ सिस्टरांनी विचारलं. ‘‘अहो, आणि उतारावर हवा गेली म्हणजे?’’

‘‘सगळी गेली तर गाडी थांबते.’’

‘‘थट्टा करू नका.’’

नाना खाली उतरले, सिस्टरांना मागच्या चाकाशी घेऊन गेले आणि वाकून आतला डबा दाखवला. भगुण्याएवढा, दोन मजली. ‘‘याच्यात एक दांडगी स्प्रिंग आहे. तिचा धंदा एकच, ब्रेक आवळून धरायचा. हवा तिला मागे रेटून ठेवते म्हणून चाक फिरतं. हवा गेली की स्प्रिंग मोकळी सुटते आणि चाक आवळते. पायाचा ब्रेक हवेने लागतो, आणि हा उभं राहायचा ब्रेक हवेने सुटतो. कळलं?’’

सिस्टरांनी थोडा वेळ डब्याकडे बघितलं. ‘‘म्हणजे ज्याने हे केलं, त्याने आधी वाईटात वाईट काय होईल याचा विचार केला.’’

‘‘हो.’’

‘‘शहाणा माणूस,’’ सिस्टर म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांचं आणि एअरब्रेकचं जमलं.

जमलं म्हणजे काय, बंगला त्यांचा पेशंटच झाला. कॉम्प्रेसर हवेबरोबर ओलावाही ओढतो आणि टाक्यांच्या तळाशी पाणी साचतं. ते काढलं नाही तर टाकी गंजते आणि कडाक्याच्या थंडीत ते नळ्यांमध्ये गोठून बसतं. टाकीखालची साखळी ओढली की फस्सकन हवा सुटते आणि पाणी बाहेर पडतं. नाना ते जमिनीवरच सोडायचे. सिस्टर खाली पांढरं तसराळं धरायच्या, का तर रंग बघायचा असतो. स्वच्छ पाणी आलं तर ठीक. तेलकट आलं तर कॉम्प्रेसरचं काहीतरी बिघडलंय. हवा सुकवणाऱ्या डब्यातली, म्हणजे ड्रायरमधली, पुडी बदलायला झाली हे त्यांनी पाणी जास्त यायला लागलं यावरूनच ओळखलं होतं. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायला त्या जुना दाढीचा ब्रश वापरायच्या. ब्रश नानांचा होता, आणि नानांना तो जुना वाटत नव्हता.

एकदा ब्रेकच्या दांडीची ओढ मापात नाही म्हणून सिस्टर पाना घेऊन निघाल्या, तेव्हा मात्र नानांनी अडवलं. ‘‘थांब. हे स्लॅक, म्हणजे दांडीची ढिलाई काढणारा हा भाग, आपलं आपण आवळणाऱ्या जातीचं आहे. हाताने पिळून ठेवलंस तर आज माप बरोबर येईल आणि मूळ दुखणं आत तसंच राहील.’’

‘‘म्हणजे तापाचं कारण न बघता नुसती तापाची गोळी दिल्यासारखं.’’

‘‘तसंच काहीतरी.’’

गाडी गॅरेजला गेली. दांडीच्या सांध्यातलं एक बुश, धातूचं कडं, झिजलेलं निघालं. सिस्टरांनी मिस्त्रीकडून ते झिजलेलं बुश मागून घेतलं आणि ओट्यावर ठेवलं, पाहुण्यांना दाखवायला. पाहुणे बिचारे ‘‘अरे वा’’ म्हणायचे.

एवढं सगळं आलं, मग मोठ्या गाडीच्या लायसन्सच्या परीक्षेत घोडं अडलं कुठे? घंटेपाशी.

परीक्षेचा चालवण्याचा भाग सिस्टरांनी एका फटक्यात काढला. मागे घेणं, वळवणं, उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवणं आणि पाय ब्रेकवर ठेवून न बसणं, सगळं झालं. मग परीक्षकसाहेबांनी ब्रेक तपासायला सांगितलं. साहेब म्हणजे काटकुळा माणूस, बाराही महिने सर्दी, एका हातात पॅड आणि दुसऱ्या हातात रुमाल. तपासणीचा क्रम ठरलेला. चाकांना ठोकळे लावायचे. हवा पूर्ण भरून इंजिन बंद करायचं, उभं राहायच्या ब्रेकचं पिवळं बटण आत दाबून ब्रेक सोडायचा. पायाचा ब्रेक दाबून धरून काटा पडत नाही ना ते बघायचं. मग चावी चालू करून ब्रेक दाबत-सोडत हवा घालवत राहायचं. काटा लाल पट्टीपाशी आला की बझर वाजला पाहिजे. तो वाजत असतानाच आणखी हवा घालवायची, इतकी की पिवळं बटण आपोआप बाहेर उडी मारेल. म्हणजे स्प्रिंगने ब्रेक पकडला.

आपोआप. या शब्दावर सिस्टर दोनदा आपटल्या.

पहिल्या वेळी बझर कोकलला आणि सिस्टरांनी पापणी लवायच्या आत इंजिन चालू केलं. हवा भरायला लागली, बझर गप्प झाला, सिस्टरांनी समाधानाने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी रुमालात नाक शिंकरलं आणि पॅडवर फुली मारली.

दुसऱ्या वेळी त्यांनी चावीला हात लावायचा नाही असं स्वतःला बजावून ठेवलं होतं. चावीला लावलाही नाही. बझर वाजल्याबरोबर हात पिवळ्या बटणाकडे गेला आणि ते खेचून मोकळा झाला.

‘‘बाई,’’ साहेब म्हणाले, ‘‘रस्त्यावर असं केलंत तर मी तुम्हाला शाबासकी देईन. बझर वाजला की गाडी बाजूला घ्यायची आणि थांबायचं, हेच बरोबर. पण इथे तुम्हाला गाडीची परीक्षा घ्यायची आहे. तुम्ही मधे पडलात तर ती स्वतःहून थांबते की नाही, हे कळणार कसं?’’

‘‘कळतंय हो मला,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘हाताला कळत नाही.’’

आता तिसरी आणि शेवटची संधी उरली होती. त्यात नापास झालं तर नियमाप्रमाणे पुढच्या वर्षापर्यंत बसता येणार नव्हतं. वखारवाल्याला जागा हवी होती. जावयाने गिऱ्हाइकाला ‘‘परीक्षेनंतर सांगतो’’ म्हणून थोपवून धरलं होतं. आणि नाना रोज सकाळी वखारीत जाऊन बंगल्याच्या पायरीवर बसायचे आणि जेवायच्या वेळी परत यायचे. सिस्टरांना सगळ्यात जास्त भीती त्या पायरीची होती. गाडी गेली की हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे?

मग सिस्टरांनी घरात सराव मांडला. गजराचं घड्याळ स्वयंपाकघरात वाजत ठेवायचं आणि आपण बाहेर खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. पहिले काही दिवस त्या खुर्चीसकट उठायच्या. मग दाराची बेल. दूधवाल्याने बेल वाजवली, वाजवली, पुन्हा वाजवली. आत सिस्टर कपाळावर घाम आणि मांडीखाली हात. घाबरून तो शेजाऱ्यांना घेऊन आला. शेजाऱ्यांनी खिडकीतून डोकावलं तर सिस्टर ताठ बसलेल्या. ‘‘मी बरी आहे,’’ त्या आतून ओरडल्या, ‘‘दूध तिथेच ठेवा!’’ फोन तर त्यांनी इतका वाजू दिला की लेक रिक्षा करून धावत आली. आल्यावर तिने आईला आधी मिठी मारली आणि मग अर्धा तास झाडलं.

सराव फळाला येत होता, पण सुखाचा नव्हता. घड्याळ कोकलायचं तेव्हा सिस्टरांचा चेहरा पिळवटायचा. एकदा तर डोळ्यांतून पाणी आलं. दाराआडून नाना बघत होते. नानांचं सगळं आयुष्य या बाईची झोप सांभाळण्यात गेलेलं. ती रात्रपाळी करून आली की हे दाराच्या बेलची वायर सोडवून ठेवायचे, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून वरण साध्या पातेल्यात शिजवायचे, पाय न वाजवता हिंडायचे. प्रेम करायची त्यांची रीतच ती, आवाज बंद करायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सिस्टर साडीच्या निऱ्या नीट करत होत्या, तेव्हा नाना म्हणाले, ‘‘मी पुढे होतो, काचा पुसून ठेवतो.’’ आणि वखारीत गेले. तिथून गाडी परीक्षेच्या मैदानावर गॅरेजचा मिस्त्री नेहमीसारखा आणून सोडणार होता.

परीक्षेचं मैदान मोठं, सिमेंटचं, कडेला पांढऱ्या पट्ट्या. सिस्टरांनी ठोकळे लावले, हवा भरली. कमाल दाब झाल्यावर ड्रायरने ‘फिस्स’ केलं, त्याबरोबर सिस्टर म्हणाल्या, ‘‘पोट भरलं.’’ साहेबांच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. नाना मैदानाच्या कडेला, दोन्ही हात पाठीमागे. इंजिन बंद. पिवळं बटण आत. पायाचा ब्रेक दाबून धरला. काटा जागचा हलला नाही. दाढीच्या ब्रशचं सार्थक झालं.

मग चावी चालू करून सिस्टरांनी हवा घालवायला सुरुवात केली. दाबा, सोडा. दाबा, सोडा. काटा खाली येत गेला. उजवा पाय काम करत होता आणि दोन्ही हात मांडीखाली गच्च दाबलेले. आता वाजेल, सिस्टरांनी मनाशी म्हटलं. वाजू दे. काही झालं तरी हलायचं नाही.

काटा लाल पट्टीत शिरला.

वाजलं काहीच नाही. दाबा, सोडा. काटा पट्टीच्या आत आणखी सरकला. मैदानावर कुठेतरी एक कावळा तेवढा ओरडत होता. सिस्टरांना क्षणभर वाटलं, सुटले. बझर नाही, म्हणजे हात उठायचा प्रश्नच नाही. आणखी थोडी हवा घालवली की बटण बाहेर पडेल, साहेब सही करतील, संपलं. शेजारी साहेब पॅडकडे बघत होते.

पण सिस्टरांचा पाय थांबला. वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट अंगात मुरते. जो पेशंट घंटा वाजवतो, तो अजून घंटा वाजवण्याइतका बरा असतो. राउंडला निघाल्यावर आधी बघायचं ते गप्प असलेल्या कॉटकडे. सिस्टरांचे हात मांडीखालून निघाले. या वेळी ते आपोआप नाही निघाले, त्यांनी स्वतः काढले. पिवळं बटण ओढलं, चावी बंद केली.

‘‘साहेब, तपासणी थांबवते. बझर वाजायला हवा होता, वाजला नाही.’’

साहेबांनी मान वर केली. ‘‘मग?’’

‘‘मग काय? ही गाडी आज रस्त्यावर जायची नाही.’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘माझं जे व्हायचं ते होऊ द्या. ही शेवटची संधी आहे मला माहीत आहे. पण हवा चाललीय हे सांगणारं कुणी नसलेली गाडी मी चालवणार नाही.’’

साहेब काही म्हणायच्या आत दरवाजा खडखडला. नाना खाली उभे होते, चेहरा पांढराफटक. बझर वाजला नाही आणि बाई थांबली, हे बाहेरून बघूनच त्यांना कळलं होतं.

‘‘साहेब,’’ नाना म्हणाले, ‘‘गाडीत दोष नाही. बझरची वायर मी काढली. सकाळी.’’

‘‘तुम्ही?’’ सिस्टर ओरडल्याच.

‘‘तुला किती त्रास होतो बघत होतो ना गं. म्हटलं, वाजलाच नाही तर तुझा हातही हलणार नाही.’’

मग साहेबांनी रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि रुमालाआड ते हसत होते हे सिस्टरांना स्पष्ट दिसलं.

‘‘आजोबा,’’ साहेब म्हणाले, ‘‘बाईंनी तशीच पुढे तपासणी केली असती ना, तर बटण बाहेर येवो न येवो, मी नापासच केलं असतं. बझर न वाजणं हा दोष आहे, आणि तो ओळखणं हीच परीक्षा. बाईंनी ओळखला.’’ त्यांनी पॅडवर काहीतरी लिहिलं. ‘‘आता कृपा करून ती वायर लावा. आणि बाई, राहिलेली तपासणी पहिल्यापासून.’’

नानांनी डॅशबोर्डखाली वाकून चिकटपट्टी सोडवली आणि वायर जागेवर खोचली. खोचताना त्यांची बोटं दोनदा चुकली. शरमेने, असं सिस्टरांना वाटलं.

या वेळी काटा लाल पट्टीला टेकला मात्र, बझरने मैदान डोक्यावर घेतलं. सिस्टरांनी हात मांडीवर मोकळे ठेवले होते. ते हलले नाहीत. त्या कर्कश आवाजात त्यांना पहिल्यांदाच बरं वाटत होतं. कुणीतरी आपलं काम करत होतं, ओरडून सांगत होतं, तोवर काळजी नव्हती. दाबा, सोडा. दाबा, सोडा. आणि खट्टकन पिवळं बटण बाहेर आलं. मागे स्प्रिंगांनी चाकं पकडली.

‘‘झालं,’’ साहेब म्हणाले. सही करून त्यांनी कागद सिस्टरांच्या हातात दिला आणि उतरताना हळूच विचारलं, ‘‘माझी ही सर्दी कशाची असेल हो?’’

‘‘उद्या या घरी. वाफ घ्यायची शिकवते,’’ सिस्टर म्हणाल्या.

साहेब गेले. नाना शेजारच्या सीटवर चढून बसले. लेकीला फोन झाला. लेक फोनवर किंचाळली, मागून जावई ओरडला, ‘‘मी गिऱ्हाइकाला कटवतो!’’ सिस्टर खळखळून हसल्या, ठोकळे काढून आल्या, इंजिन चालू केलं. पण टाक्या रिकाम्या होत्या. हवा भरेपर्यंत एअरब्रेकची गाडी हलत नाही, घाई कितीही असो. दोघांना बसून राहणं भाग होतं. काटा सावकाश चढत होता, बझर वाजत होता, आणि मग पट्टी ओलांडून तो गप्प झाला.

‘‘रागावलीस?’’ नानांनी विचारलं.

‘‘हो,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘वायर काढलीत म्हणून नाही. माझ्या काळजीने काढलीत, ते कळतं मला. पण डोळ्याचंही तुम्ही असंच केलंत. मला त्रास नको म्हणून गप्प बसलात. अहो, त्रास कुणाला झाला? मला किती वाईट वाटलं होतं माहीत आहे? जगाच्या घंटेला मी उठले, आणि तुम्ही माझ्या शेजारी झोपून बटण दाबलं नाहीत. मला राग आला होता तेव्हा. मी बोलले नाही, तीही चूकच केली. आज बोलते.’’

नाना समोरच्या काचेतून बघत होते. काटा वर चढत होता. सिस्टरांना वाटलं, नेहमीसारखं आता हे गप्पच बसणार.

‘‘डावा पण,’’ नाना म्हणाले.

सिस्टरांनी मान वळवली.

‘‘डाव्यालाही धूसर दिसायला लागलंय. दिव्याभोवती कडी दिसतात. आत्ता वायर लावताना भोकच सापडत नव्हतं.’’ त्यांनी घसा खाकरला. ‘‘मला फार भीती वाटतेय गं.’’

सिस्टर ओरडल्या नाहीत. हात पुढे करून त्यांनी नानांचा हात धरला, आणि नाडीवर बोटं गेली ती सवयीने. ‘‘कधीपासून?’’

‘‘महिनाभर झाला असेल.’’

‘‘दुखतो?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं झालं सांगितलंत. महिना म्हणजे फार नाही. फार नाही हो.’’ हे त्या नानांना सांगत होत्या की स्वतःला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. ‘‘डोळ्यांचे डॉक्टर आज किती वाजेपर्यंत असतात?’’

‘‘आज आपण तळ्यावर जाणार होतो. तू डबा केलायस.’’

‘‘डबा दवाखान्याच्या बाहेर खाऊ. बंगला आहे की आपल्याबरोबर, टेबलसुद्धा आहे. किती वाजेपर्यंत असतात?’’

‘‘पाच.’’

ड्रायरने फिस्स केलं. हवा भरली होती. सिस्टरांनी आरसे बघितले, ब्रेकवर पाय ठेवला, पिवळं बटण आत दाबलं, आणि बंगला मैदानातून हलला, जरा लचकत, मग सरळ. फाटकाशी आल्यावर त्यांनी गाडी थांबवली. तिथून दोन रस्ते फुटत होते आणि इथून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्या कधी गेल्या नव्हत्या.

‘‘कुठे वळू?’’

नाना पुढे वाकले, डोळे बारीक केले. मग मागे टेकून बसले.

‘‘कोपऱ्यावर पाटी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण तिच्यावर काय लिहिलंय, मला दिसत नाहीये.’’

‘‘मला दिसतंय,’’ सिस्टर म्हणाल्या, आणि डावीकडे वळल्या.